तीस मीटर खालून

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. पण विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, ते मी नव्हे. माझ्यात चार माणसं बसतात, तीही अंग चोरून. नाकावर एक पंखा, डोक्यावरून दोन्ही बाजूंना गेलेले पंख, पोटाखाली तीन चाकं. माझं दार आपटूनच लावावं लागतं, नाहीतर वर गेल्यावर वाऱ्याने उघडतं. माझ्यात खायला-प्यायला मिळत नाही आणि गोड आवाजात कोणी स्वागतही करत नाही. तरी मी छत्तीस वर्षं उडालो. आता माझे पंख काढून भिंतीला टेकवून ठेवले आहेत, म्हणून बोलायला सवड आहे. जे सांगणार आहे ते ऐकायला गोड नाही. काही माणसांबद्दल माझ्या मनात शुद्ध तिरस्कार आहे, आणि तो लपवून ठेवण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्या अंगावरचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले आहेत, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात. एक आत शिरून मागून टेकू देतो, दुसरा बाहेरून ठोकतो. माझ्या शेपटीवर काम करणाऱ्या दोघी जावा होत्या. आतली बाहेरचीला ऐकवायची, बाहेरची आतलीला. सासूने कोणाला काय दिलं, सणसणीत उत्तर कोणी दिलं, सगळं माझ्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी चालायचं. पण हात थांबायचा नाही. एकही रिव्हेट तिरका गेला नाही. भांडण घरचं आणि काम दुसऱ्याच्या जिवाचं, एवढं त्या दोघींना कळत होतं. पुढे मला भेटलेल्या कित्येक शिकल्यासवरल्या माणसांना ते कळलं नाही.

तिथून मी एका फ्लाइंग क्लबात आलो. एक छोटी धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर आणि चहा पिण्याची एक खोली, एवढाच क्लब. तिथून अठरा किलोमीटरवर मोठा विमानतळ होता. प्रवासी विमानं त्या विमानतळाकडे उतरत जाताना बरोबर आमच्या डोक्यावरून जायची, तीन-चार मिनिटांना एक, एकाच वाटेने. आमच्यावर असताना ती तीन हजार फुटांवर असायची. म्हणून आम्हा लहान विमानांना नियम होता की दीड हजार फुटांच्या वर जायचं नाही. मधले दीड हजार फूट कोणाचेच नव्हते. ते मुद्दाम रिकामे ठेवलेले होते. काही माणसांना रिकामी जागा पाहवत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मला चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांनी माझ्यात बसून एकोणीस वर्षं मुलामुलींना विमान शिकवलं. त्या शिस्तीच्या इतक्या कडक होत्या की नव्या विद्यार्थ्याला पहिले तीन दिवस हातात फक्त ओलं फडकं मिळायचं. माझी पुढची काच पुसायची, आतून आणि बाहेरून. कोणी कंटाळून विचारलंच, की त्या सांगायच्या, “काचेवर मेलेला डास आणि लांबून येणारं विमान सुरुवातीला सारखंच दिसतं. जे विमान काचेवर सरकत जातं, ते तुम्हाला धडकणार नाही. जे एकाच जागी राहतं आणि मोठं होत जातं, ते धडकणार. आता पुसा.”

माझ्या पुढच्या फळीवर, घड्याळांच्या शेजारी, एक छोटी पेटी आहे. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. जमिनीवरचं रडार सारखं विचारत असतं, कोण आहे, किती उंचीवर आहे? ही पेटी आपोआप उत्तर देते. मोठ्या विमानांतही एक यंत्र असतं, तेही हिलाच विचारतं. ही बोलली की ते यंत्र वैमानिकांना ओरडून सांगतं, वर व्हा किंवा खाली व्हा. ही बंद असली की त्या यंत्राच्या लेखी मी जगातच नसतो. हिला एक बटण आहे. मास्तरीणबाईंच्या काळात ते बटण जमीन सोडण्याआधी चालू व्हायचं आणि परत जमीन लागेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही.

पुढे मास्तरीणबाईंची नजर कमी झाली. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलं आणि उडणं सोडलं. शेवटच्या दिवशी त्यांनी माझी काच पुसली आणि फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं. वर्षभराने क्लबाने मला विकून टाकलं.

मला घेतलं एका फर्निचरवाल्याने, आणि ठेवलं क्लबाच्या त्याच हँगरात. त्याची तीन मोठी दुकानं होती आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला उडण्याचं वेड लागलं. वेडाला माझी हरकत नाही, मास्तरीणबाईंनाही वेडच होतं. पण ह्याला उडण्याचं नव्हे, उडणारा म्हणून दिसण्याचं वेड होतं. परवान्याला जितके तास लागतात तितकेच तास तो उडाला, एक तास जास्त नाही. मग त्याने पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या शिवून घेतल्या. प्रवासी विमानाच्या कॅप्टनला त्या पंधरा-वीस वर्षांनी मिळतात, ह्याला शिंप्याने एका दुपारी दिल्या. दुकानातल्या नोकरांना त्याला कॅप्टन म्हणावं लागायचं. म्हणून मीही त्याला कॅप्टनच म्हणतो. ज्यांना जे शोभत नाही ते त्यांच्या तोंडावर म्हणण्यात एक मजा असते.

त्याने मला लाल पट्टे मारले आणि शेपटीवर दुकानाचं नाव लिहिलं. मी सर्कशीतल्या उंटासारखा दिसू लागलो. इंजिनातलं तेल मात्र तो कधी स्वतः बघायचा नाही. ते काम क्लबाचा म्हातारा फिटर करायचा आणि करताना पुटपुटायचा. काच पुसण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण कॅप्टन बाहेर बघायचाच नाही. तो फोनमध्ये स्वतःला बघायचा.

एकदा तो चिप्स खात खात बावीसशे फुटांवर गेला. मोठ्या विमानतळाच्या मनोऱ्यातून लगेच रेडिओवर आवाज आला आणि त्याला खाली जायला सांगितलं गेलं. आठवड्याभरात खुलासा मागणारं पत्र आलं. माझ्या पेटीनेच त्यांना माझी उंची सांगितली होती, ते तिचं कामच होतं. कॅप्टनने त्यातून काय शिकावं? पुढच्या खेपेला उडण्याआधी त्याने पेटीचं बटण बंद केलं. चहाच्या खोलीत त्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं: पेटी बंद, तक्रार बंद. लोक हसले. क्लबाचा सेक्रेटरीही हसला. ह्या सेक्रेटरीने खोलीत ‘सुरक्षा प्रथम’ असा मोठा फलक लावला होता, आणि त्याच्या खालच्या खिळ्यांना सगळ्यांचे चहाचे कप अडकवलेले असायचे. त्या फलकाचा एवढाच उपयोग मी पाहिला.

आता त्या रविवाराकडे येतो.

कॅप्टनचे सासरे काही दिवसांसाठी लेकीकडे राहायला आले होते. ते रेल्वेत फाटकवाले होते. एकतीस वर्षं त्यांनी एकाच रस्त्यावरचं एकच फाटक उघडलं आणि लावलं. ते कधी विमानात बसले नव्हते. लेकीने हट्ट धरला की बाबांना एकदा वरून शहर दाखवा. कॅप्टन तयार झाला, कारण त्याला एक फोटो हवा होता: मागे सगळं शहर, पुढे हसणारे सासरे आणि पट्ट्यांसकट तो. नव्या दुकानात भिंतभर लावायला.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून आले. माझ्यात ते पुढे उजव्या बाजूला बसले. माझ्यात दोन्ही बाजूंना चालवायचे दांडे आहेत, शिकवण्यासाठी ते लागतात. सासऱ्यांनी प्रत्येक घड्याळ कशाचं ते विचारून घेतलं. दांडा ओढला की नाक वर जातं आणि ढकलला की खाली येतं, हेही विचारलं. मग त्यांनी पेटीकडे बोट केलं आणि हिचा दिवा का लागत नाही म्हणून विचारलं. कॅप्टनने सांगितलं की ती नवशिक्यांसाठी असते. जावयाच्या विमानात बसलेला माणूस आणखी काय बोलणार? पण त्यांची नजर दोन-तीनदा त्या विझलेल्या दिव्याकडे गेलेली मी पाहिली.

दुपारचे बारा वाजले होते. खाली धुरकट हवा होती, शहर दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. फोटो चांगला येईना. कॅप्टन वर गेला. दीड हजार. फोटो येईना. दोन हजार. मी मास्तरीणबाईंच्या हाताखाली कित्येक हजार वेळा दीड हजारावर थांबलो होतो. मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी मी शिवी दिली असती. अडीच हजार. मग धूर संपला, वर लख्ख निळं आकाश लागलं, आणि काटा तीन हजारांवर आला. कॅप्टनने एका हाताने दांडा धरला, दुसऱ्या हाताने फोन वर केला आणि काचेकडे जवळजवळ पाठ करून सासऱ्यांना हसायला सांगितलं.

सासरे हसत नव्हते. ते उजवीकडे बघत होते. एकतीस वर्षं दोन्ही बाजूंना बघून मगच हात हलवणाऱ्या माणसाची मान फोटोसाठी स्थिर राहत नाही. माझ्या न पुसलेल्या काचेवर, डासांच्या डागांमध्ये, एक डाग होता.

“जावईबापू, ते बघा,” ते म्हणाले.

कॅप्टनने बघितलं की नाही कोण जाणे. लांब आहे, असं म्हणून त्याने फोन जरा तिरका केला.

“ते हलत नाहीये,” सासरे म्हणाले. “मोठं होतंय.”

मित्रांनो, मास्तरीणबाईंचा धडा त्यांनी कधी ऐकला नव्हता. रुळांवर समोरून येणारी गाडीही तशीच दिसते. जागची हलत नाही, नुसती मोठी होते. कॅप्टनने आता मान वळवली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचा फोन खाली पडला, पण दांड्यावरचा हात हलला नाही. फोनचा हात हवेतच राहिला. खांद्यावर चार पट्ट्या असलेला तो माणूस तोंड उघडं ठेवून नुसता बसून राहिला. सासऱ्यांनी आपल्यापुढचा दांडा दोन्ही मुठींनी धरला आणि सगळं वजन टाकून पुढे ढकलला, फाटकाचा दांडा ढकलावा तसा.

माझं नाक खाली गेलं. त्याच क्षणी त्या मोठ्या विमानाने नाक वर उचललं, त्यांनीही आम्हाला पाहिलं होतं. आकाश नाहीसं झालं. त्याच्या जागी एक राखाडी पोट आलं, त्यावरचे रिव्हेट मला मोजता आले असते. आवाज एवढा होता की तो ऐकू आला नाही, अंगात शिरला. मग त्याच्या मागचा वारा माझ्यावर कोसळला आणि मी कुशीवर उलटा होत गेलो. पत्रा न् पत्रा कळवळला. त्या दोन जावांच्या हातचं काम होतं, सुटलं नाही. माझी घडणच अशी आहे की मला सोडून दिलं तर मी सरळ व्हायला बघतो. आणि तेव्हा मला सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. बाराशे फुटांवर मी सरळ झालो. तेव्हा कुठे कॅप्टनचे हात जागे झाले.

आमच्यात आणि त्या विमानात तीस मीटर अंतर होतं. त्या विमानात एकशे चौसष्ट प्रवासी होते.

उतरल्यावर कॅप्टनला किल्ली काढता येईना. पण हँगरपासून चहाच्या खोलीपर्यंतच्या पन्नास पावलांत त्याने स्वतःला सावरलं. खोलीची खिडकी हँगरकडे उघडते, मी सगळं ऐकलं. त्याने सांगितलं की त्याने ते विमान वेळेवर पाहिलं, त्याने दांडा ढकलला, आणि ह्या मोठ्या विमानांचे वैमानिक हल्ली बाहेर बघतच नाहीत. लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सासरे कोपऱ्यात कप धरून बसले होते. त्यांनी एकदा जावयाकडे बघितलं आणि कप तसाच भरलेला खाली ठेवला. मग सेक्रेटरीने डोकं चालवलं. पेटी बंद होती, म्हणजे उंची कुठे नोंदलेली नाही. नोंदवहीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की हे विमान चौदाशे फुटांच्या वर गेलं नाही. अक्षर सुंदर होतं त्याचं.

मोठ्या विमानाच्या वैमानिकांनी तक्रार केली. रडारवर एक ठिपका सापडला, पण त्याला ना नाव, ना उंची. त्या दुपारी त्या भागात आमच्या क्लबाची चार लहान विमानं होती. चौकशीचे अधिकारी आले, चौघांनाही विचारून गेले. चौघांनीही आम्ही नव्हे म्हणून सांगितलं. तिघं खरं बोलत होते आणि त्या तिघांना चौथा कोण ते माहीत होतं. मैत्री म्हणून ते गप्प राहिले. अशा मैत्रीला मी लांबूनच नमस्कार करतो.

सासऱ्यांनी घरी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा जावयाने हसण्यावारी नेलं, दुसऱ्यांदा तो जेवणावरून उठून गेला. तिसऱ्या दिवशी सासरे कोणाला न सांगता घराबाहेर पडले, दोन बस बदलून मोठ्या विमानतळाच्या चौकशी कार्यालयात गेले आणि बाकावर पावणेदोन तास बसून राहिले. पुढचं मला तिथल्या अधिकाऱ्याकडून कळलं. नंतर मला तपासायला आला तेव्हा तो फिटरला सांगत होता. म्हातारा आत आला, खुर्ची दिली तरी बसला नाही, आणि म्हणाला, “फाटक लावलं की लोक शिव्या देतात. उघडं ठेवलं तर कोणी काही म्हणत नाही, एक दिवस सोडून. तो दिवस रविवारी आला होता. विमान आमचं होतं.”

अधिकाऱ्याने त्यांना समजावलं की हे लिहून दिलं तर जावयाचा परवाना जाईल, घरात काय होईल याचा विचार करा. सासरे म्हणाले, विचार दोन रात्री केला, कागद द्या.

परवाना गेला. सेक्रेटरीने तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि त्याच्या निरोपाला सुरक्षेवर भाषणं झाली. कॅप्टनने सासऱ्यांना घरात ठेवायचं नाही असं ठरवलं. ते गावी निघाले, त्या दिवशी त्यांची लेक माझ्यातलं सामान काढून न्यायला हँगरमध्ये आली. सासरेही बरोबर होते, हातात पिशवी घेऊन. ती बराच वेळ माझ्या खणातले कागद उगाच वरखाली करत राहिली. मग एकदम म्हणाली की सगळ्या शहरात नाचक्की झाली, बाबा, तुम्ही माझा तरी विचार करायचा होता.

“तुझाच केला,” ते म्हणाले. “तुझा नवरा जमिनीवर आहे, जिवंत आहे, म्हणून तुला माझ्यावर रागावता येतंय. राग कर. मला चालेल.”

बसस्टॉपपर्यंत पिशवी तिनेच घेतली. पुढे ती दर महिन्याला एकटी गावी जाऊन येते असं फिटर म्हणायचा. कॅप्टन मात्र एकदाही गेला नाही. त्याने उडणं सोडलं आणि आता मोटरबोट घेतली आहे. माशांनी सांभाळून राहावं.

काही आठवड्यांनी एक तरुण बाई मला बघायला आली. तिच्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या. त्या मोठ्या विमानात खऱ्या कॅप्टनच्या शेजारी बसून नाक वर उचलणारी ती हीच. तिने फिटरला पेटी दाखवायला सांगितली, बटण एकदा चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग ती माझ्या नाकापाशी पाठ लावून उभी राहिली आणि हँगरच्या दुसऱ्या टोकाकडे पावलं मोजत चालत गेली. तीस मीटर संपले आणि भिंत अजून पुढेच होती. ती तिथे उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. परत आल्यावर तिने फिटरला सांगितलं की त्या दिवशी उतरल्यावर प्रवाशांची एकच तक्रार आली होती. एका प्रवाशाच्या शर्टावर टोमॅटोचा ज्यूस सांडला होता. “आमच्या कॅप्टनसाहेबांनी त्याची माफी मागितली,” ती म्हणाली. “तो घरी गेला असेल, शर्ट भिजत घातला असेल.”

त्यानंतर मला कोणी विकत घेतलं नाही. मी आता विमानाचे फिटर शिकवणाऱ्या एका शाळेत आहे. मुलं-मुली रोज मला उघडतात आणि रोज बंद करतात. माझी काळजी ती चांगली घेतात, त्याबद्दल मला काही मागायचं नाही. मागायचं आहे ते तुमच्याकडे. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती असं एखादं बटण येईल, जे बंद केल्याने तुमचं काहीच बिघडणार नाही, जे बिघडेल ते अनोळखी माणसांचं. ते चालू ठेवा. त्याबद्दल कोणी तुमचा फोटो काढणार नाही.

आणि कधी मोठ्या विमानातून जाताना, उतरता उतरता ते अचानक हिसका देऊन वर उचललं गेलं, कोणाच्या हातातलं पेय सांडलं, कोणी वैतागून मान हलवली, तर तुम्ही खिडकीतून खाली बघा. काही दिसणार नाही, तोवर आम्ही मागे पडलेलो असू. पण आम्ही तिथे होतो.